मेल्विन्स कसे ऐकावेत आणि त्यांचा आवाज आपल्या गिटारवर कसा उतरवावा

पहिली सूचना अशी की मेल्विन्स या अमेरिकी रॉक बँडचे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. गिटारची सर्वांत खालची तार नेहमीच्या सुरावर साधारण ८२ हर्ट्झवर बोलते आणि मेल्विन्ससारखे बँड ती आणखी एक पूर्ण स्वर उतरवून ७३ हर्ट्झच्या आसपास आणतात. इतका खालचा स्वर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून तो ओळखतो खरा, पण छातीवर जाणवणारे वजन हरवते आणि उरते ती निव्वळ खरखर. स्लज, म्हणजे गाळ, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉकबद्दल आपल्याकडे जे प्रतिकूल मत बनते, त्यातले निम्मे तरी या स्पीकरांमुळे बनत असावे असा माझा संशय आहे. कान झाकणारे बऱ्यापैकी हेडफोन किंवा घरातले जुने मोठे स्पीकर यासाठी पुरेसे आहेत.

ऐकण्याआधी थोडा इतिहास माहीत असला, तर हा संथपणा आळसातून आलेला नाही हे लक्षात येते. बझ ऑसबॉर्न, मॅट लुकिन आणि माइक डिलार्ड या तिघांनी १९८३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मॉन्टेसॅनो या लहान गावात हा बँड सुरू केला. ऑसबॉर्न ज्या दुकानात काम करत, तिथल्या कोणालाही न आवडणाऱ्या एका सहकाऱ्याचे नाव बँडला देण्यात आले. पुढच्याच वर्षी डेल क्रोव्हर ड्रमवर आले आणि सराव ॲबर्डीन या लाकूडतोडीच्या गावात, क्रोव्हर यांच्या आईवडिलांच्या घराच्या मागच्या खोलीत होऊ लागला. सुरुवातीला ही मुले इतरांसारखेच भरधाव हार्डकोर पंक वाजवत होती. मात्र १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅग या बँडचा ‘माय वॉर’ हा अल्बम आला, ज्याच्या दुसऱ्या बाजूला फक्त तीन गाणी होती, प्रत्येक सहा मिनिटांहून मोठे आणि सगळी रखडत चालणारी. वेगासाठी आलेले श्रोते त्यावर चिडले, तर मेल्विन्सनी ती बाजू ब्लॅक सॅबथ या बँडच्या जड रिफांशी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या तुकड्यांशी, जोडून स्वतःची वाट काढली.

ऐकण्याचा क्रम प्रसिद्धीच्या क्रमाने लावू नये. १९८७ चा ‘ग्लुई पोर्च ट्रीटमेंट्स’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम महत्त्वाचा आहे, पण नवख्या कानाला तो तुटक आणि हेकट वाटेल. आरंभ १९९१ च्या ‘बुलहेड’पासून आणि त्यातल्या ‘बोरिस’ या पहिल्याच गाण्यापासून करावा. ते आठ मिनिटांहून मोठे आहे आणि पुढे एका जपानी बँडने त्यावरूनच आपले नाव घेतले. पहिल्या खेपेला शब्दांकडे लक्ष देण्याचे कारण नाही, कारण ऑसबॉर्न यांचे शब्द पुष्कळदा अर्थापेक्षा आघातासाठीच निवडलेले असतात. त्याऐवजी ड्रमच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत काय घडते ते ऐकावे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला अशा मोकळ्या जागेची सवय असते, पण एक फरक आहे. तिथे ठेका जागा भरत राहतो. इथे ठोका पडल्यावर गिटारचा स्वर अँपमधून (अँप्लिफायरमधून) हळूहळू कुजत जातो आणि तो पूर्ण विझण्याच्या थोडे आधी पुढचा ठोका येतो. तो क्षण अंदाजाने ओळखता येऊ लागला की गाणे समजू लागले म्हणून समजावे.

त्यानंतर १९९३ चा ‘हुडिनी’ घ्यावा. ‘निर्वाणा’ या बँडच्या यशानंतर मोठ्या रेकॉर्ड कंपन्या वायव्य अमेरिकेत बँड शोधत फिरत होत्या, त्या लाटेत ॲटलांटिकने मेल्विन्सना करारबद्ध केले आणि या अल्बमच्या निर्मितीत ‘निर्वाणा’चे गायक कर्ट कोबेन यांचेही नाव लागले. ते पूर्वी ॲबर्डीनमध्ये या बँडच्या सरावाला येऊन बसणाऱ्यांपैकी एक होते. ॲटलांटिकसाठी तीन अल्बम झाल्यावर संबंध संपला, आणि माझ्या मते ते बँडच्या पथ्यावरच पडले, कारण १९९९ पासून गायक माइक पॅटन यांच्या इपेकॅक या स्वतंत्र रेकॉर्ड लेबलवर त्यांनी हवे ते केले. २००६ मध्ये तर त्यांनी बिग बिझनेस हा दुसरा बँड जवळजवळ जसाच्या तसा पोटात घेऊन दोन ड्रमरांनिशी अल्बम काढला. १९९२ चा ‘लायसॉल’ मात्र शेवटी ठेवावा. तो एकतीस मिनिटांचा अखंड तुकडा आहे आणि मध्ये उठून चहा करायला गेल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

आता वाजवण्याकडे वळू. गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, ‘ई’वरून ‘डी’वर उतरवावी. ट्यूनर जवळ नसेल तर चौथी तार मोकळी छेडावी, कारण ती ‘डी’च आहे, आणि सहावी सैल करत करत दोन्हींमधली थरथर थांबेपर्यंत आणावी. म्हणजे ती बरोबर एक सप्तक खाली बसते. या मेळात खालच्या तीन तारा एका बोटाने दाबल्या की पूर्ण पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांची जोडी, मिळतो, त्यामुळे जड रिफ गिटारच्या मानेवर सहज सरकवता येतो. साउंडगार्डनचे गिटारवादक किम थायिल, ज्यांचे आईवडील मूळचे केरळचे, यांनी हा मेळ आपल्याला ऑसबॉर्न यांच्याकडून कळल्याचे सांगितले आहे.

सैल तारेची एक खोड आहे. जोरात पिक मारला की पहिल्या क्षणी स्वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो, त्यामुळे दोन गिटार एकत्र वाजताना बेसूर वाटतात. यावर उपाय म्हणजे जाड तारेचा संच. सहावी तार ४६ ऐवजी ५२ची (जाडी इंचाच्या हजारांशांत) लावली की ताण परत येतो आणि तार पट्ट्यांवर आपटत नाही. दुसरी चूक गेनची, म्हणजे अँपमधला स्वर किती फाटवायचा हे ठरवणाऱ्या बटणाची. आम्ही मित्र सरावाच्या खोलीत पहिले कित्येक आठवडे गेनचे बटण टोकापर्यंत फिरवून वाजवत होतो आणि आमचे रिफ मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखे का ऐकू येतात हे कोणालाच कळत नव्हते. गेन निम्म्यावर आणून व्हॉल्यूम वाढवल्यावर प्रत्येक आघाताची कड ऐकू येऊ लागली. जडपणा स्वर फाटवण्यातून कमी आणि सलग टिकणाऱ्या स्वरातून अधिक येतो. बासचा खालचा भाग बास गिटारसाठी मोकळा सोडून गिटारवर मध्यम स्वर वाढवावेत, हे ऐकायला उलटे वाटले तरी करून पाहावे.

लयीचा सराव सर्वांत कठीण आहे. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एक रिफ दहा मिनिटे वाजवावा. जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या मिनिटापासून पळू लागतो. क्रोव्हर यांचे वाजवणे पाहिले तर ते ठोक्याआधी हात बराच वर नेतात आणि त्या उचलण्यालाही मोजलेला वेळ लागतो. मोकळी जागा ते अंगाने मोजतात. गिटारवादकानेही मान किंवा पाय हलवून अर्धे ठोके मोजत राहावे.

ज्यांना हे संगीत मंचावर न्यायचे आहे, त्यांनी मेल्विन्सचा २०१२ चा दौरा नकाशा समोर ठेवून अभ्यासावा. मेल्विन्स लाइट या नावाने ऑसबॉर्न, क्रोव्हर आणि उभ्या बासवर ट्रेव्हर डन अशा तिघांनी अमेरिकेची पन्नास राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. मिळून ५१ दिवसांत ५१ कार्यक्रम केले. ५ सप्टेंबरला अलास्कातल्या अँकरेजमध्ये सुरुवात झाली आणि २५ ऑक्टोबरला हवाईतल्या होनोलुलूमध्ये शेवट. विमानाशिवाय गत्यंतर नसलेली दोन टोके त्यांनी आरंभी आणि अंती ठेवली, त्यामुळे मधला सगळा प्रवास रस्त्याने सलग करता आला. मुंबई, पुणे, बेंगळुरू असा तीन दिवसांचा फेरा आखणाऱ्यानेही हाच हिशेब करावा. सर्वांत लांबचा टप्पा दोन कार्यक्रमांच्या मध्ये अडकवू नये, आणि अडकलाच तर ध्वनीचाचणीची वेळ आयोजकाकडून आधीच लेखी घ्यावी.

पैशाचे गणितही याच बँडकडून शिकण्यासारखे आहे. स्वतंत्र बँडचा पेट्रोलखर्च बहुधा मंचावरच्या मानधनातून नव्हे, तर मागच्या टेबलावरच्या टी-शर्ट आणि रेकॉर्डमधून निघतो. मेल्विन्सनी ॲम्फेटामाइन रेप्टाइल या लेबलबरोबर मोजक्याच प्रतींच्या, हाताने छापलेल्या वेष्टनांच्या अनेक रेकॉर्ड काढल्या आहेत. आपल्याकडे विनाइल परवडणार नाही, पण पन्नास टी-शर्ट आणि हाताने छापलेले पोस्टर परवडते. टेबलावर कार्यक्रम संपल्यावर बँडमधल्याच कोणीतरी उभे राहावे, क्यूआर कोडचा कागद आधीच चिकटवून ठेवावा आणि मोठ्या मापाचे शर्ट जास्त आणावेत, कारण तेच आधी संपतात.

इयरप्लग मात्र पहिल्या सरावापासूनच वापरावेत. मेडिकलच्या दुकानात मिळणारे साधे फोमचे चालतात. ते बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवले तर खालचा आवाज जसाच्या तसा आत येतो.