बाबांचे मेलेले शॉर्टकट
दिवाळीत बडोद्याला घरी गेलो, बाबांच्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरून लाल झालेला, म्हणून त्यांचं 'हिशोब' फोल्डर उचलून डी मध्ये टाकलं आणि डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट मेले. "तुला हात लावायला सांगितलं कोणी?"

शॉर्टकटमध्ये फाइल नसतेच, पत्ता असतो. त्याच ड्राइव्हमध्ये हलवलं तर विंडोज बऱ्याचदा शोधून काढतं, ड्राइव्ह बदलला की बऱ्याचदा संपलं. आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटमध्ये सी चं डी करत बसलो, चार केले आणि कंटाळलो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला कमांड टाइप करून द्यायची खिडकी) एमकेलिंक, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या जागी नेणारा दुवा बनवणारी कमांड, पुढे स्लॅश जे, आधी जुना पत्ता मग नवा, दोन्ही डबल कोट्समध्ये (जुन्या जागी त्या नावाचं फोल्डर उरलेलं नको हं, नाहीतर एरर येतो). एंटर मारलं, सगळे चालू!

बाबांना अजून वाटतंय मी फोल्डर परत जागेवर ठेवलं.