होडीवाला राजा निघतो: कोकणात कमी पैशात जुन्या धाटणीचा विनोदी पिक्चर कसा करायचा

नदीच्या तरीवरच्या होडीवाल्याला एका सकाळी कळतं की राजघराण्याचा वारस आपणच, मग खजिना, पाठलाग, नुसता गोंधळ. असा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर मोबाईलवर होतो, फक्त राजवाडा शोधत बसू नका. आपल्या दशावतारी नाटकात सिंहासन म्हणजे एक बाकडं, त्यावर कापड टाकलं की झाला राजा, आणि रात्रभर कोणाला शंका येत नाही कारण समोरचे दरबारी तसे उभे राहतात. म्हणून आधी तालीम दरबाऱ्यांची घ्या, कोण वाकतो, कोण पाठ फिरवतो, मुजरा कोण विसरतो, हसू तिथूनच येतं. होडीवाल्याने होडीत बसतो तसंच बाकड्यावर बसायचं, त्याने विनोद करायला जायचंच नाही.

मुकुट-शेला दशावतारी कंपनीकडे मागा, पण मानधन देऊन आणि मान ठेवून, ती मंडळी पेटाऱ्याची पूजा करतात. जत्रांच्या दिवसात त्यांना सकाळी उठवू नका हां.

वारसाचा पुरावा म्हणून सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, वापरा. दशावतारी गंजिफेत १२० पानं, १० रंग, प्रत्येकात एक राजा एक प्रधान, त्यातलं राजाचं एक पान होडीच्या फळीखाली सापडलं की गोष्ट सुरू.

फ्रेम ४:३ ठेवा, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. आणि हे नक्की लक्षात ठेवा, जांभ्याचा लाल आणि झाडांचा हिरवा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जवळपास एकच करडा दिसतो, त्यामुळे राजाला पांढरं नाहीतर फिकट पिवळं नेसवा, नाहीतर तो भिंतीत गडप होतो. आधी एक फोटो काढून बघा.

पाठलागाचा वेग एडिटिंगमध्ये १३३ टक्के करा, म्हणजे १८ फ्रेमने काढलेली फिल्म २४ ने चालवल्यासारखी धावपळ दिसते. बोलण्याचे सीन मात्र नेहमीच्या वेगाने.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर शूटिंग म्हणजे पुरातत्त्व खात्याची परवानगी, शिवाय पावसाळ्यात होडी बंद. त्यापेक्षा बंद पडलेली चिरेखाण बघा, सरळ कापलेल्या उंच भिंती, थेट भुयारी दरबार वाटतो. मालकाला विचारा आणि पावसाचं पाणी आटल्यावरच उतरा.

किनाऱ्यावरचा सीन एका दिवसात संपवा कारण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाल तर कालची वाळू पाण्याखाली असू शकते. लाटा आणि वाऱ्यात संवाद ऐकू येत नाहीत, ते नंतर घरी दारं लावून डब करा, आणि संगीताला पायपेटी, पखवाज आणि झांज एवढंच घ्या.