व्हर्सायच्या तहाचे दोष लिहिताना या चुका टाळा

तह अन्यायकारक होता, म्हणून हिटलर आला, म्हणून दुसरे महायुद्ध झाले. पहिल्या महायुद्धानंतर विजेत्यांनी जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहावरची बरीचशी उत्तरे अशी एका दमात संपतात. तह सदोष होताच, पण नेमका कुठे, ते त्यातून कळत नाही.

पहिली चूक मधली वर्षे गाळण्याची. तहावर सह्या झाल्या 28 जून 1919 रोजी. मे 1928 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 2.6 टक्के मते पडली आणि जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के. तह दोन्ही वेळी होताच. मध्ये मंदी आली, लाखो लोक बेकार झाले. शिवाय त्याच जुलै 1932 मध्ये लोझान परिषदेने युद्धभरपाईचा विषय जवळपास निकाली काढला होता. अपमानाची सल खरी होती, नाझींनी ती पुरेपूर वापरली. पण नुसत्या तिच्या बळावर सत्ता मिळाली नाही.

दुसरी चूक भरपाईच्या आकड्याची. 13,200 कोटी सुवर्ण मार्क ही रक्कम तहात लिहिलेली होती, असे सर्रास लिहिले जाते. ती ठरली 1921 मध्ये. तहाचा दोष उलट असा की, अंतिम रक्कम न सांगताच जर्मनीकडून सही घेतली गेली. कोऱ्या कागदावर घ्यावी तशी. ठरलेल्या रकमेतले 8,200 कोटी तर असे रोखे होते, जे वसूल होतील अशी खुद्द विजेत्यांनाही फारशी आशा नव्हती. लोकांच्या मनात मात्र पूर्ण आकडा बसला. 1923 च्या महाभयंकर महागाईचे खापरही एकट्या भरपाईवर फोडू नका. जर्मनीने युद्धच मुख्यतः कर्ज काढून लढले होते. जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रुर हा जर्मनीचा औद्योगिक प्रदेश व्यापल्यावर तिथल्या संपकरी कामगारांना सरकारने नोटा छापून पैसे पुरवले.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते: कठोरपणावर पानेच्या पाने आणि अंमलबजावणीवर एक ओळ. जर्मनांना वाटाघाटींना बसवलेच नाही. 7 मे 1919 रोजी मसुदा हातात दिला आणि हरकती लेखी मागवल्या. म्हणजे डिवचायचे ते डिवचले. पण देशाचे उद्योग आणि मनुष्यबळ बहुतांशी शाबूत राहिले आणि पूर्वेला रशियन साम्राज्याच्या जागी दुबळी नवी राष्ट्रे आली. सैन्यावर एक लाखाची मर्यादा घातली, पण ती पाळून घेणार कोण? अमेरिकेच्या सिनेटने तह फेटाळला आणि फ्रान्सला दिलेली ब्रिटन-अमेरिकेची संरक्षणाची हमीही बारगळली. मार्च 1936 मध्ये हिटलरचे सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या पश्चिमेकडच्या, तहाने सैन्य ठेवायला बंदी घातलेल्या पट्ट्यात शिरले, तेव्हा ना फ्रान्सने पाऊल उचलले, ना ब्रिटनने. दोषांच्या चर्चेत हा प्रसंग हवाच.

नकाशाही नीट बघा. सुडेटनलँड, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातला जर्मनभाषक सीमाभाग, व्हर्सायने जर्मनीकडून काढून घेतलेले नाही. ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होते आणि त्याचा संबंध ऑस्ट्रियाशी झालेल्या सेंट जर्मेनच्या तहाशी येतो.

आणि दोष फक्त युरोपात शोधू नका. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला दिले गेले. त्यावरून 4 मे 1919 रोजी बीजिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चीनने तहावर सही केली नाही.