गावातला जुना बंगला नेमका किती जुना, ते कसं ओळखायचं

आमच्याकडं कोणताही पडका बंगला दाखवला की लोक म्हणतात, "इंग्रजांच्या काळातला हाय भाऊ", विषय संपला. पण वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं १८५३ ला, नागपूर १८५४ ला, अन् ते निघाले १९४७ ला, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव वर्षं झाली की नाही, मग त्यातला कोणता?

दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात गवतात साप असतात. चौकीदाराला विचारून घ्या. अन् आल्याआल्या आत घुसू नका, आधी बाहेरून चक्कर मारा, मागच्या बाजूला जास्त वेळ थांबा कारण पुढून रंगरंगोटी झालेली असते. मागं भिंतीत सरळ उभी फट शोधा, जिथं दोन्हीकडच्या विटा एकमेकीत गुंतलेल्या नसतात. तिथं जुनं संपलं अन् नंतरचं जोडलं. विलायतेतली मोठमोठी खेड्यातली घरं पण अशीच जोडजोडून झालेली आहेत. लेकॉक ॲबी बघा, १२३२ ला जोगिणींचा मठ, १५४० च्या आसपास एका सरदारानं विकत घेऊन घर केलं, अन् १७५० नंतर कोणी तरी पुढं नवा हॉल चढवला. आता सांगा, ते घर कोणत्या सालचं? (१८३५ ला त्या घराच्या मालकानं, फोटोग्राफीचा एक आद्य शोधक टॅल्बट, त्यानं त्याच घराच्या एका खिडकीचा फोटो काढला, आज जगात टिकून असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह तीच. म्हणून तुम्ही पण मोबाईलवर प्रत्येक खिडकीचा फोटो काढाच.)

बुजवलेली खिडकी दिसली तर घाई नको. तिकडं विलायतेत १६९६ ते १८५१ खिडक्यांवर टॅक्स होता, लोकांनी विटा लावून खिडक्या बंद केल्या. आपल्याकडं तसं काही नव्हतं, इथं बहुतेक वेळा मागून कोणाला तरी कपाट ठेवायचं होतं एवढंच.

आता आत. वर बघा, सागवानी मयाल (म्हणजे लाकडी तुळई) आहे की लोखंडी गर्डर? नागपूरला रेल्वे आली १८६७ ला, त्याआधी एवढं जड लोखंड बैलबंडीवर कोण आणणार? गर्डरच्या कडेला कंपनीचं नाव उठवलेलं असतं, टॉर्च मारून वाचा. डॉर्मन लाँग असेल तर विलायती. टाटाचं असेल तर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण टाटाचं पोलाद निघालंच तेव्हा. सगळ्यात पक्का पुरावा मी हाच मानतो.

कवेलूवर (म्हणजे छपराच्या कौलांवर) मात्र भरवसा ठेवू नका. मंगळूरला बासल मिशनचा (मिशनऱ्यांची संस्था) कवेलूचा कारखाना १८६५ ला निघाला, अशा इंग्रजी कवेलूच्या खालच्या बाजूला छाप असतो, तो वाचून मी एकदा छातीठोक साल सांगून मोकळा झालो, तर चौकीदार काका हसले, म्हणे "बाप्पा, ते तर पाडलेल्या गोदामावरचे आणून टाकले, मीच चढलो होतो वर".

गिलावा खिळ्यानं खरवडा (कोपऱ्यात, दिसणार नाही असा). भुसभुशीत पडला तर चुना, खिळाच घसरला तर सिमेंट, म्हणजे बहुतेक नंतरची डागडुजी.

शेवटी दरवाज्याच्या वर भिंतीत आरपार छोटं भोक आहे का बघा, अन् छताला हुक. ओसरीत बसून माणूस दोरी ओढायचा अन् आत साहेबावर पंखा हलायचा. असं भोक सापडलं तर खोली लाईटच्या आधीची, अन् भोकाच्या कडा दोरीनं गुळगुळीत झाल्यात का ते बोटानं चाचपून पाहा.