एमओसीचा फॉर्म कुठे भरायचा राहतो

प्लांटमध्ये नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरला एमओसी, म्हणजे मॅनेजमेंट ऑफ चेंज (प्लांटमधला बदल करण्याआधी तपासून मंजूर करून घ्यायची पद्धत), हे सह्या गोळा करायचं काम वाटतं. मोठ्या बदलांत ते थोडंफार तसं असतंही. नवा रिअ‍ॅक्टर यायचा असला की डिझाइन, सेफ्टी, मेंटेनन्स सगळे आपणहून बैठकीला येतात. गोची होते ती ज्याला कुणी बदल म्हणतच नाही अशा कामांत. स्टोअरमध्ये नेहमीचं गॅस्केट (जोडातून गळती होऊ नये म्हणून बसवतात ती चकती) नाही, म्हणून दुसऱ्या मटेरियलचं बसवलं. अलार्म सारखा वाजतो, म्हणून सेटपॉइंट, म्हणजे तो ज्या आकड्याला वाजतो तो, वर नेला. प्लांट ट्रिप होऊ नये, म्हणजे आपोआप बंद पडू नये, म्हणून इंटरलॉकला (धोका दिसताच प्लांट बंद करणारी यंत्रणा) जंपर मारला, म्हणजे वायर जोडून तो निकामी केला. माझ्या मते रात्रपाळीतला एक ऑपरेटर कमी करणं हेही यातच धरावं.

अमेरिकेच्या ओशाने (तिथलं कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) 1992 मध्ये केलेल्या प्रोसेस सेफ्टी नियमात एमओसीतून सूट आहे ती फक्त 'रिप्लेसमेंट इन काइंड'ला. म्हणजे नवा पार्ट मूळ डिझाइनच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसला पाहिजे. नुसता तसाच दिसून भागत नाही. डेटाशीट काढून रेटिंग आणि मटेरियल ताडून पाहा. आणि जुना पार्ट भंगारात जायच्या आत फिटरला गाठा, आधी काय बसवलं होतं ते त्याला बरोबर माहीत असतं.

'टेम्पररी आहे' हे ऐकलं की मी फ्लिक्सबरो आठवतो. इंग्लंडमधल्या या कारखान्यात 1974 साली पाच नंबरच्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला. तो काढला आणि चार व सहा नंबर जोडायला बायपास पाइप टाकला. नोझल (पाइप जोडायची तोंडं) 28 इंची, पाइप 20 इंची, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचिक जोड. ड्रॉइंग काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं. ताणाचा नीट हिशेब झालाच नाही. वर्क्स इंजिनिअरची जागाही तेव्हा रिकामी होती. 1 जूनला पाइप फाटला, सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाच्या वाफेच्या ढगाचा स्फोट झाला आणि 28 माणसं गेली. शनिवार होता, ऑफिसं जवळजवळ रिकामी होती. नाहीतर आकडा बराच वाढला असता.

म्हणून टेम्पररी एमओसीवर शेवटची तारीख आणि तो बदल काढून टाकणाऱ्याचं नाव असल्याशिवाय सही करू नका. लाइन चालू करण्याआधी ड्रॉइंग हातात घेऊन तिच्या कडेने चालत जाऊन ती तपासा. सगळ्या पाळ्यांना कळलंय का, हेही बघा. जनरल शिफ्टला सांगितलेलं रात्रपाळीपर्यंत पोचतंच असं नाही.

रुजू झाल्यावर उघड्या टेम्पररी एमओसींची यादी मागून घ्या आणि एकेक जागेवर जाऊन बघा. मुदत उलटून गेलेली एखादी तरी सापडेल. सुरुवात तिथूनच करा.