लॉ सीईटीचा अभ्यास: आधी उत्तर लिहा, मग वाद घाला

सातारा-सांगलीकडून तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी द्यायची ठरवलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. परीक्षेचा साचा तुम्हाला माहीत असणार. १२० प्रश्न, दोन तास, इंग्रजीचे ४०, सामान्यज्ञानाचे ३२, कायद्याचे आणि तर्काचे २४-२४. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही तुम्ही ऐकलेलं असेल. मला सांगायचंय ते चौघांनी मिळून अभ्यास करताना कायद्याच्या प्रश्नांत काय होतं, त्याबद्दल. आमच्या गटाचे सगळ्यात जास्त गुण तिथेच जायचे, आणि का जातायत हे बराच काळ आम्हाला कळत नव्हतं.

आम्ही राजवाड्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसायचो. एक वाईची, एक कोरेगावचा, एक पाटणहून येऊन साताऱ्यात खोली घेऊन राहिलेला, आणि मी. बाकीची अभ्यासिका एमपीएससीवाल्यांनी भरलेली. आत बोलायची सोय नाही, म्हणून संध्याकाळी बाहेर पडून चहाच्या टपरीवर प्रश्न सोडवायचो. एक जण मोठ्याने वाचणार, बाकीचे उत्तर देणार. दिवसभर मान खाली घालून वाचल्यावर या वेळेची आम्ही सगळेच वाट बघायचो. आणि घोटाळा तिथेच होता.

कायद्याच्या भागात एका प्रकारच्या प्रश्नात आधी तत्त्व दिलेलं असतं, खाली घटना, मग चार पर्याय. समजा तत्त्व असं आहे: अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच रद्दबातल असतो. घटना अशी: सतरा वर्षांच्या मुलाने वय एकोणीस सांगून दुकानातून हप्त्यावर मोबाईल घेतला आणि हप्ते थकवले. दुकानदार कराराच्या आधारे पैशांसाठी दावा लावतो. निकाल काय?

कोरेगावच्याच्या घरचं दुकान. तो उसळायचाच. म्हणाला, पोरगा खोटं बोललाय, दुकानदाराने का सोसायचं? पैसे मिळालेच पाहिजेत. पाटणचा खूप वाचणारा. त्याला स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट माहीत होता. तो म्हणाला, करार रद्द असला तरी अज्ञानाला, म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराखालच्याला, मिळालेला लाभ परत करायला लावता येतो, म्हणून दुकानदाराला काहीतरी मिळेल. वाईची म्हणाली, पण मुलाचे आईबाप आहेत ना? अर्धा तास वाद रंगला आणि शेवटी दुकानदाराच्या बाजूने एकमत झालं.

उत्तर एका ओळीचं होतं. मुलगा अठराखालचा, करार रद्दबातल, कराराच्या आधारे दावा टिकणार नाही. तत्त्वात खोटं बोलणाऱ्यासाठी अपवाद दिलेला नाही. लाभ परत करण्याचं नाव नाही, आईबापांचंही नाही. अज्ञानाचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगितलं. पण प्रश्न सोडवायला तो खटलाही माहीत असायची गरज नव्हती. जे लागत होतं ते समोर छापलेलं होतं.

कोरेगावच्याचं उत्तर न्यायबुद्धीतून आलं होतं आणि पाटणच्याचं ज्ञानातून. दोन्ही गोष्टी पुढे वकिलीत लागतात, आणि या प्रश्नात दोन्हींनी गुण घालवला. ज्याला कायदा मुळीच माहीत नाही तो इथे बरोबर ठरतो, कारण त्याच्याकडे दिलेल्या तत्त्वाशिवाय दुसरं काही नसतं. जसजसं वाचन वाढतं तसे या भागातले गुण घसरतात आणि माणूस घाबरून आणखी वाचतो. आणखी वाचून हे दुरुस्त होत नाही.

आणखी एक प्रश्न देते, कारण हा सापळा एकदा सांगून डोक्यात उतरत नाही. तत्त्व: नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो. घटना: कारखान्यावर ऊस उतरवून झाल्यावर चालक मालकाला न विचारता, स्वतःच्या कामासाठी, वाट सोडून बहिणीच्या गावाला ट्रॅक्टर नेतो आणि तिथे एका दुचाकीला धडक देतो. मालक जबाबदार आहे का? आपल्याकडे हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बघत वाढलेल्या कुणालाही वाटणार, चालक बिचारा कुठून भरणार, मालकाचा विमा असेल, त्यानेच द्यावं. विमा घटनेत कुठे आहे? चालकाची गरिबी कुठे लिहिली आहे? विचारलंय एवढंच, की हे कामाच्या ओघात झालं का. बहिणीकडे जाणं मालकाचं काम नाही. मालक जबाबदार नाही. खऱ्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे विमा येईल, पुरावे येतील, निकाल वेगळाही लागेल. ते सगळं पदवीच्या वर्षांत शिकायचं आहे.

एकटं बसून सोडवताना मनात शंका तरी येते. गटात ती बोलणाऱ्याच्या आवाजाखाली दबते. ज्याला मुद्दा मांडता येतो त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं, आणि वाद इतका रंगतो की घरी जाताना तत्त्वाचे शब्द कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आपली बाजू तेवढी राहते. दुसऱ्या दिवशी तसाच प्रश्न आला की हात त्याच बाजूला जातो.

मग वाईच्या मैत्रिणीने नियम घातला. प्रश्न वाचला की कुणी बोलायचं नाही. वहीत पर्याय लिहायचा आणि त्याखाली तत्त्वातले नेमके कोणते शब्द वापरले ते उतरवायचे. सगळ्यांचं लिहून झालं की वह्या मधे ठेवायच्या. ज्याच्या उत्तराला तत्त्वातला शब्द दाखवता येत नाही ते उत्तर बाद, मग ते कितीही न्याय्य वाटो. त्यानंतर वाद घालायचा, हवा तेवढा. आमचे वाद थांबले नाहीत, थांबू नयेतही. फक्त त्यांची जागा उत्तरानंतर आली. सुरुवातीला हे फार कोरडं वाटेल आणि दोनतीन संध्याकाळ गट कंटाळेल. तरी सोडू नका.

मात्र कायद्याच्या भागात सरळ माहितीचे प्रश्नही असतात. राज्यघटनेचं कलम, एखादी संज्ञा, एखादा कायदा कधीपासून लागू झाला. तिथे तत्त्व दिलेलं नसतं, तिथे खरा कायदाच यायला हवा. म्हणून प्रश्न वाचताना पहिल्यांदा बघायचं, तत्त्व दिलंय की नाही. दिलं असेल तर बाहेरचं सगळं बाहेर ठेवा.

माहितीच्या प्रश्नांसाठी जुनी गाइडं घेऊ नका, हे मी जोर देऊन सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या पुस्तकात जुने आकडे असतात, आणि एकदा पाठ झालेला आकडा पुसणं फार कठीण जातं. पैशांची अडचण मला कळते. चौघांत मिळून एकच नवं पुस्तक घ्या.

मार्गदर्शनाबद्दल माझं मत ठाम आहे. मागच्या वर्षी ज्याने परीक्षा दिली आणि जेमतेम प्रवेश मिळवला, त्याच्याजवळ बसा. तो कुठे अडकला ते त्याला अजून आठवत असतं. पहिल्या आलेल्याला बहुतेकदा सांगताच येत नाही की त्याला ते कसं जमलं. टेलिग्रामवरच्या हमखास प्रश्नांच्या पीडीएफ आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतल्या होत्या, त्यातून काही हाती लागलं नाही. क्लास लावायचाच असेल तर लावा, पण तिथे सराव परीक्षेनंतर चुकलेला प्रश्न कुणी समजावून सांगतं का, एवढं विचारून घ्या.

सामान्यज्ञान गटात फार छान होतं. एक बातमी घ्यायची आणि तिच्या मागे मागे जायचं. उदाहरणार्थ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोणते जिल्हे? सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आधीची खंडपीठं कुठे? नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा. सर्किट बेंच आणि कायम खंडपीठ यांत फरक काय? तो १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये सापडतो. एका बातमीतून एवढं निघतं आणि विसरलं जात नाही, कारण ते आपल्या जिल्ह्याचं आहे. आपल्या भागातल्या वकिलांनी या बेंचसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पुढे तुम्ही तिथे उभे राहणार असाल, तर हे माहीत असायलाच हवं.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या आम्हा सगळ्यांनाच होती. ४० प्रश्न म्हणजे तीनात एक. बाकीचा पेपर मराठीतूनही असतो, हा भाग मात्र इंग्रजीतच. पण त्यात व्याकरण, शब्दसंग्रह आणि उताराच असतो, कुणी तुमचे उच्चार ऐकत नाही. रोज एक उतारा, घड्याळ लावून. खरंच जमतं. माझं जमलं.

एखाद्या दिवशी जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी सहसा खुली असते, कुणी हटकत नाही. त्याने सीईटीचा एकही गुण वाढणार नाही. पण तारखांवर तारखा घेऊन उभी असलेली माणसं बघून हे काम आपल्याला करायचंय का, ते कळतं. आमच्या ओळखीतला एक जण तिथून आल्यावर एमपीएससीकडे वळला, आणि त्याने बरोबर केलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी पडताळणी समितीकडे गेलेला असावा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत तपासा. निकालानंतर धावाधाव सुरू केलेली मुलं चांगले गुण असून रडताना मी पाहिली आहेत.

आणि सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा भरला असं होत नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी, कागद चढवणं वेगळं, कॉलेजांचा पसंतीक्रम वेगळा. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला, कोल्हापूरचं शहाजी, पुण्याचं आयएलएस, जे खरंच हवं ते वर टाका. पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च यांचा हिशेब घरच्यांबरोबर बसून आधी करा, यादी जाहीर झाल्यावर नको. तारखांवर लक्ष ठेवायचं काम गटातल्या एकाकडे सोपवा आणि त्याच्यावर विसंबून न राहता बाकीच्यांनीही सीईटी कक्षाचं संकेतस्थळ बघत राहा.