सुट्टीतील रणरणत्या दुपारी सगळ्या घराची व्हीआर सहल कशी आखावी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची सकाळ आणि संध्याकाळ मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात सहज निघून जाते. प्रश्न उरतो तो सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेचा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो आणि अशा उन्हात कोणालाही बाहेर काढणे योग्य नसते. आभासी वास्तवाचा, म्हणजेच व्हीआरचा, हेडसेट (डोळ्यांवर बांधायचे, सभोवार दृश्य दाखवणारे यंत्र) घरात असेल किंवा नात्यातल्या कोणाकडून चार दिवसांसाठी मिळणार असेल, तर याच दुपारी घरबसल्या सहलीसाठी वापरता येतात. मात्र एक मूल हेडसेट लावून कोपऱ्यात बसले आहे आणि बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये गुंतले आहेत, याला सहल म्हणता येणार नाही. ठिकाण आधी सर्वांनी मिळून ठरवलेले, वेळ नेमलेली आणि एकाला दिसते ते सर्वांना दिसणारे, अशी व्यवस्था केली तरच आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यात सामील होतात.

आधी वय आणि प्रकृती पाहा

मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटसाठी किमान वय १० वर्षे आहे आणि १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखाली चालणारे वेगळे खाते उघडावे लागते. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ तर १२ वर्षांखालील मुलांनी वापरू नये, असे कंपनीनेच सांगितले आहे. ही अट गांभीर्याने घ्यावी, कारण हे यंत्र मोठ्यांच्या चेहऱ्याच्या मापाचे असते. प्रौढ व्यक्तीच्या दोन बुबुळांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि क्वेस्ट ३एस या मॉडेलमध्ये भिंगांच्या ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा मिळतात. ज्या मुलाचे अंतर याहून बरेच कमी आहे, त्याला चित्र कधीच नीट स्पष्ट दिसणार नाही आणि डोळे मात्र दुखतील. चष्म्याच्या दुकानात हे अंतर मोजून मिळते. घरातील प्रत्येकाचा आकडा एका कागदावर लिहून ठेवावा आणि हेडसेट हातात देण्याआधी भिंगे त्यानुसार सरकवावीत. चित्र अंधूक दिसते अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते.

अपस्मार असलेल्या, फिट येऊन गेलेल्या किंवा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आजोबांनी आणि मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्या आत्यांनी टीव्हीच्या पडद्यावर पाहूनच सहलीत भाग घ्यावा, कारण अर्धा किलोच्या आसपास वजन कपाळावर आणि गालांवर तोलणे सोपे नाही. ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना व्हीआरमध्येही मळमळण्याची शक्यता असते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

ठिकाण निवडणे, हे खरे काम

येथे घाई करू नये. हेडसेटमध्ये दिसणारी ठिकाणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार ३६० अंशांत टिपलेल्या फोटोंचा आणि व्हिडिओंचा: यात सभोवार मान वळवून पाहता येते, पण एक पाऊल पुढे टाकले किंवा खाली वाकले तर दृश्य जवळ येत नाही, ते तुमच्याबरोबरच सरकते. दुसऱ्या प्रकारात ती जागा संगणकावर त्रिमितीत उभी केलेली असते. तिथे वाकून टेबलाखाली डोकावता येते आणि कोपऱ्यामागे काय आहे ते पाहता येते. पहिला प्रकार बसून पाहण्यासाठी आणि ज्येष्ठांसाठी बरा, दुसरा मुलांना अधिक रमवतो. आकाशपाळणे, शर्यती, विमानाच्या कसरती असलेली ॲप्स पहिल्या दिवशी टाळावीत. डोळे सांगतात की आपण वेगाने चाललो आहोत आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण जागेवरच आहोत. या विसंगतीतूनच गरगरते. म्हणून ‘टेलिपोर्ट’ पद्धतीने, म्हणजे इच्छित जागेकडे बोट दाखवून थेट तेथे पोहोचण्याची सोय असलेले ॲप निवडावे.

दहा-बारा वर्षांपुढील मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धात लपून राहून रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या ॲम्स्टरडॅममधील, आता संग्रहालय असलेल्या घराची सहल मी आवर्जून सुचवतो. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात नाझींपासून जीव वाचवण्यासाठी आठ माणसे ज्या मागील भागात लपून राहिली, तो भाग २०१८ मध्ये व्हीआरमध्ये तयार करण्यात आला. प्रत्यक्ष संग्रहालयात त्या खोल्या रिकाम्या आहेत, कारण अटकेनंतर सामान हलवण्यात आले आणि ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांनी त्या तशाच रिकाम्या ठेवाव्यात अशी इच्छा व्यक्त केली. व्हीआरमध्ये मात्र त्याच खोल्या खाटा, टेबले आणि भांड्यांसह दिसतात. पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजा ओलांडून आत गेल्यावर खोल्यांचे आकारमान अंगावर येते, आणि इतक्या कमी जागेत इतकी माणसे दोन वर्षे आवाज न करता कशी राहिली असतील, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. संपूर्ण फेरीला सुमारे २५ मिनिटे लागतात, म्हणून ती दोघांत वाटून घ्यावी. त्या इतिहासाची कल्पना मात्र मुलांना आदल्या दिवशी द्यावी. कोणतीही पूर्वतयारी न करता त्यांना थेट तेथे नेणे मला योग्य वाटत नाही.

आजी-आजोबांसाठी निवड अगदी वेगळी करावी. त्यांना हिमनद्या आणि वाळवंटे दाखवण्यापेक्षा त्यांची स्वतःची गल्ली दाखवावी. गूगल स्ट्रीट व्ह्यूची सेवा भारतात २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर यांचा समावेश होता. स्ट्रीट व्ह्यूची दृश्ये हेडसेटमध्ये दाखवणारी वाँडरसारखी ॲप्स मिळतात. ज्या रस्त्यावर आजोबांची पहिली नोकरी होती किंवा आजीचे माहेर होते, तो रस्ता आधी फोनवर शोधून ठेवावा आणि मगच हेडसेट त्यांच्या हाती द्यावा. अशा वेळी वाटाड्या आजोबाच होतात, कोणत्या कोपऱ्यावर काय होते ते तेच सांगतात आणि नातवंडे पडद्यावर पाहत प्रश्न विचारतात.

खोलीची तयारी

उभ्याने फिरायचे असेल तर किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. टीपॉय, पायपुसणी आणि लोंबणाऱ्या वायरी बाजूला काढाव्यात, हॉलमध्ये झोपाळा असेल तर तो अडकवून ठेवावा आणि छताच्या पंख्याकडे विशेष लक्ष द्यावे: आभासी जगात उंचावरची वस्तू पकडायला गेलेला हात खऱ्या पात्यांना लागू शकतो. त्याऐवजी समोर टेबलफॅन लावावा. त्याच्या वाऱ्यामुळे घाम कमी येतो आणि आपले तोंड खोलीच्या कोणत्या बाजूला आहे, हेही हेडसेट लावलेल्या माणसाला कळत राहते. ज्येष्ठांसाठी हात टेकायला जागा असलेली, चाके नसलेली खुर्ची ठेवावी.

खोलीत पुरेसा उजेड हवा, कारण हेडसेटचे कॅमेरे भिंती आणि वस्तू पाहूनच आपली जागा ओळखतात. पण खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप भिंगांवर अजिबात पडू देऊ नये. ती भिंगे ऊन एकवटून आतील पडद्यावर पाडतात आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो. उन्हाळ्यात सर्वाधिक नुकसान होते ते असेच, खिडकीजवळ किंवा उभ्या गाडीत हेडसेट ठेवून दिल्याने.

चार्जिंग आणि डाउनलोड आदल्या रात्रीच उरकावे. एका चार्जिंगवर साधारण दोन तास मिळतात आणि दुपारी वीज गेली तर सगळा बेत फिसकटतो.

प्रत्यक्ष सहल

हेडसेटमधील दृश्य ‘कास्टिंग’च्या सोयीने टीव्हीवर किंवा फोनवर सर्वांना दाखवता येते, ते सुरू झाल्याशिवाय पहिली पाळी सुरूच करू नये. प्रत्येकाची पाळी १५ मिनिटांची असावी आणि पहिल्याच वेळी वापरणाऱ्यासाठी ती पाच मिनिटेच पुरे. एकाने नकाशा किंवा माहिती घेऊन वाटाड्याचे काम करावे, एकाने हेडसेट लावलेल्याजवळ उभे राहून त्याला भिंतीपासून सांभाळावे आणि बाकीच्यांनी पडद्यावर पाहावे. पाळीबरोबर ही कामेही फिरती ठेवली की वाट पाहणारी मुले कुरकुर करत नाहीत. हेडसेट लावलेल्या व्यक्तीला न बोलता अचानक स्पर्श करू नये, आधी नावाने हाक मारावी. चेहरा गरम वाटणे, जांभया येणे, तोंडाला पाणी सुटणे ही मळमळीची सुरुवात असते. तेवढ्यावरच हेडसेट काढावा, थोडे पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा आग्रह करू नये.

घामाच्या दिवसांत दोन पाळ्यांमध्ये चेहऱ्याला टेकणारी गादी पुसणे आवश्यक आहे. भिंगांना मात्र सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नये, ती कोरड्या मऊ मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत. कोणाचे डोळे आले असतील तर त्याने हेडसेट लावूच नये.

हेडसेट नसेल तर

दोन पर्याय आहेत. फोनवर ३६० अंशांचे व्हिडिओ फोन चारही बाजूंना फिरवून पाहता येतात आणि गूगल आर्ट्स अँड कल्चरवर जगभरातील संग्रहालयांची दालने मोफत पाहता येतात. दहा वर्षांखालील मुलांसाठी हेच योग्य आहे. दुसरा पर्याय मॉलमधील व्हीआर केंद्रांचा. तिकीट माणशी आहे की खेळागणिक, हेडसेट प्रत्येक वेळी पुसतात का आणि हलणाऱ्या खुर्चीसाठी उंचीची अट काय आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे. बाहेर पडण्याचे दोन रस्ते कोठे आहेत तेही पाहून ठेवावे. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेली आग सुट्टीच्या गर्दीतच लागली होती, आणि त्यात मुलांचेही प्राण गेले.

सहल संपल्यावर

हेडसेट काढल्यावर काही वेळ तोल आणि अंतराचा अंदाज चुकू शकतो, म्हणून निदान अर्धा तास सायकल, दुचाकी, जिना धावत उतरणे आणि गॅसजवळची कामे टाळावीत. हा वेळ पन्हे पीत गप्पा मारण्यात घालवावा. पाहिलेली जागा नकाशावर शोधणे, पडद्यावर कोणाला काय वेगळे दिसले ते सांगणे आणि पुढचे ठिकाण ठरवणे याच वेळी उरकते. त्यानंतर भिंगांवर कापड घालून हेडसेट कपाटाच्या मधल्या कप्प्यात, उन्हापासून आणि लहान भावंडांच्या हातापासून दूर ठेवावा.